परांचीची परांची

सोनोग्राफीच्या चित्रात सगळ्यात स्पष्ट दिसत होता तो हात. बाकीचं बाळ म्हणजे धुक्यात ठेवलेली उशी वाटावी असं होतं. हात मात्र चेहऱ्यापुढे उघडा धरलेला होता आणि त्याची पाचही बोटं सुटी होती. दर दोन बोटांमध्ये एक काळी, अरुंद, रिकामी जागा होती. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्र दिव्याखाली धरून ती जागा नीट पाहिली. दिवा लावणं भागच होतं. दुपारचे बारा वाजले होते, आणि त्यांच्या घरात दुपारी बारा वाजता दिवा लागत असे.

"बोटं किती सुरेख आलीत," ते म्हणाले.

"बोटं आली नाहीत," बाई म्हणाल्या. "मधलं गेलं."

अध्यक्षांच्या पत्नीला सारी इमारत बाई म्हणे, कारण त्यांचा जन्म कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात गेला होता. अध्यक्षांना अध्यक्ष म्हणत, कारण ते परांची तपासणी समितीचे अध्यक्ष होते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते दुसरं काहीच नव्हते.

परांचीची हकिगत साधी होती. इमारतीला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्यांना चढायला बाहेरून बांबूंची परांची बांधली गेली. ती मजबूत आहे की नाही हे पाहायला एक तात्पुरती समिती नेमली गेली. रंग देऊन झाला, वाळला, पुढे त्याचे पोपडेही निघू लागले. परांची होती तिथेच राहिली. ती उतरवायची तर मजूर वर चढणार. मजूर चढायचे तर परांची सुरक्षित असल्याचा दाखला समितीने द्यायला हवा. दाखला द्यायचा तर समितीने वर चढून पाहायला हवं. आणि दाखल्याशिवाय परांचीवर चढायला समितीने स्वतःच सर्वांना मनाई केली होती. हा पेच समिती दर बैठकीत नव्याने शोधून काढत असे, आणि दर वेळी सभासदांना तितकाच धक्का बसत असे.

"मधलं गेलं म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी हात वल्ह्यासारखा असतो. सपाट. मग बोटांच्या मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात."

"मारतं कोण?"

"कोणी नाही. त्यांना निरोप येतो, तुमचं काम झालं. मग त्या आपणहून आवरतात. आतलं सामान कापून बारीक करतात, छोट्या छोट्या पिशव्यांत बांधतात आणि दारावर पाटी लावतात, 'खा मला'. शेजारच्या पेशी येऊन गिळून टाकतात. सांडलवंड नाही, सूज नाही, बोंबाबोंब नाही."

"आणि नाही आवरलं तर?"

"तर बदकाचा पाय होतो."

हे सांगताना बाई खिडकीकडे पाहत होत्या. खिडकीत बांबू होता.

लेकीचा फोन आला तेव्हा अध्यक्षांच्या डोक्यात अजून ते बदक पोहत होतं. "बाबा, बाळ झालं की दोन महिने तिकडे येईन म्हणते. माझ्या खोलीत ऊन येतं का आता?"

"येईल."

"कधी?"

"प्रक्रिया सुरू आहे."

"बाळाचीही सुरूच आहे, बाबा. पण तिला तारीख आहे." लेक आईवर गेली होती. "हे बघा, भर दुपारी दिवा लागतो त्या खोलीत मी बाळ आणणार नाही. सासूबाई इथेच राहा म्हणतात. मलाही इथे राहणं सोपं आहे. ठरवायचं तुम्ही."

अध्यक्षांना ठरवण्याची सवय नव्हती. त्यांना ठराव करण्याची सवय होती.

बैठक जिन्याखाली भरली. अध्यक्षांच्या उजवीकडे चिटणीस बसले. ते इतके नम्र गृहस्थ होते की स्वतःच्या घराची बेल वाजवतानाही आधी घसा खाकरत. डावीकडे वकील. वकील हे वकील नव्हते. कायद्याच्या परीक्षेला ते इतक्यांदा बसले होते की इमारतीने परीक्षकांपेक्षा उदार व्हायचं ठरवलं होतं.

अध्यक्षांनी बोटांच्या मधल्या पेशींची गोष्ट सांगितली. "एवढीशी ती पेशी," ते म्हणाले. "काम झालं, निघून गेली. तिला जमतं ते आपल्याला का जमू नये?"



"निरोप कोणाच्या सहीने येतो?" वकिलांनी विचारलं.

"सही नसते."

"मग तो निरोप नव्हे, अफवा झाली. अफवेवर जीव देणारी पेशी मला तरी बेजबाबदार वाटते."

"आणि अध्यक्ष, तुम्ही गेलात तर या इमारतीचं व्हायचं काय?" चिटणीस म्हणाले. "तुम्ही आहात म्हणून चाललंय."

अध्यक्षांना बरं वाटलं. हे वाक्य त्यांना रोज कोणी ना कोणी जिन्यात ऐकवत असे, आणि रोजच बरं वाटत असे. तरीही लेकीचा फोन आठवून त्यांनी जोर धरला. अखेर समितीने स्वतःचा 'स्वविलय' तत्त्वतः मान्य केला. 'तत्त्वतः' हा शब्द सगळ्यांनाच आवडला. तो उच्चारला की चहा घेता येत असे. स्वविलयाचा तपशील ठरवण्यासाठी त्याच तिघांची एक उपसमिती नेमली गेली. एवढा गंभीर विषय जिन्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांच्या आवाजात, कसा चर्चिणार? शांत खोली हवी होती. अध्यक्षांनी लेकीची खोली देऊ केली.

"तात्पुरती," ते घरी येऊन म्हणाले.

"तात्पुरती," बाई म्हणाल्या.

"समिती संपेपर्यंतच."

सूक्ष्मदर्शकाची नळी खाली आणता आणता काच फोडणाऱ्या विद्यार्थ्याकडे बाई जशा पाहत, तशा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग बाळासाठी मागवलेल्या पाळण्याचं पार्सल उचलून त्या जिन्याखाली ठेवायला घेऊन गेल्या.

उपसमितीने पहिल्याच बैठकीत जुना पेच सोडवला. परांचीवर चढता येत नाही ना? मग परांची तपासण्यासाठी तिच्या बाहेरून दुसरी परांची बांधावी. चिटणिसांनी हा विचार ऐकून नम्रपणे टाळ्या वाजवल्या. परांचीवाल्याला बोलावणं गेलं. तो बिचारा खुशीत आला.

"नेऊ ना साहेब बांबू? पोरगा शाळेत जायच्या आधी बांधली होती ही. आता त्याला दाढी आलीये."

"न्यायचेच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "त्यासाठीच आणखी बांधायचे आहेत."

परांचीवाल्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग अध्यक्षांकडे पाहिलं. "आणि मग ती दुसरी कशी काढायची?"

अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिलं.

"तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही," वकील म्हणाले.

दुसरी परांची उभी राहिली आणि आतापर्यंत फक्त दुपारी लागणारे दिवे सकाळीही लागू लागले. अध्यक्ष स्वतः दुसरीवर चढून पहिली तपासायला निघाले, तेव्हा वकिलांनी त्यांना हात धरून थांबवलं: दुसरीला दाखला कुठे आहे? दरम्यान पहिलीच्या एका बांबूला पालवी फुटलेली आढळली. तो रंगाच्या वेळी ओलाच कापून आणला असावा आणि नळाच्या गळतीजवळ मातीत रोवला गेला असावा. आता तो चांगला हिरवागार झाला होता.

"झालं," वकील म्हणाले. "आता हे झाड आहे. झाड तोडायला परवानगी लागते."

पाण्याचा तांब्या घेऊन चाललेल्या बाई थांबल्या. "बांबू झाड नाही. गवत आहे."

वकिलांनी यावर विचार केला. "मग तर आपला हातच लावता येणार नाही. गवत माळीकामात येतं. ही समिती बांधकामाची."

पुढच्या बैठकीत उपसमितीने पेशीची पद्धत बारकाईने अमलात आणायचं ठरवलं. पेशी स्वतःला छोट्या छोट्या पिशव्यांत बांधते, असं बाईंनीच सांगितलं होतं. त्यानुसार समितीचे तुकडे करण्यात आले. बांबू समिती, फळी समिती, सुतळी समिती, खिळे समिती, सावलीबद्दलच्या तक्रारींसाठी सावली समिती, परांचीत घरटी करणाऱ्या कबुतरांसाठी पक्षी समिती, आणि या सगळ्यांतून जे उरेल त्यासाठी उर्वरित समिती. दारावर पाटीही लागली. 'खा मला' हे सभ्य दिसेना, म्हणून 'आम्हाला संपवण्यासाठी आत या' असं लिहिलं.

शेजारी आले. संपवायला म्हणूनच आले, पण आत खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकदा बसल्यावर त्यांना आपापली मतं आहेत असं आढळलं. आठवड्याभरात मजल्यामजल्यावर अध्यक्ष झाले. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की "या अध्यक्ष", "आधी तुम्ही, अध्यक्ष" असं म्हणत दोघंही तिथेच थांबू लागली, आणि मागे भाजीच्या पिशव्या घेतलेले आणखी अध्यक्ष खोळंबू लागले. मूळच्या अध्यक्षांना यात थोडं दुखलं. मग चिटणिसांनी त्यांना 'आद्य अध्यक्ष' म्हणायला सुरुवात केली आणि दुखायचं थांबलं.

माणसं पुरेनात, तेव्हा शेजारच्या इमारतीतून घेतली. तिला परांची नव्हती. परांची नसलेल्या इमारतीचा सभासद परांचीवर मत कसं देणार, हा वकिलांचा आक्षेप रास्त होता. म्हणून तिलाही बांधून देण्यात आली.

चहाची तर फारच ओढाताण होऊ लागली. स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत कप नेईतो तो निवे, आणि निवलेल्या चहावर खिळे समिती कामकाज चालवायला तयार नव्हती. शेवटी नळकाम करणाऱ्याला बोलावून बाईंच्या शेगडीपासून लेकीच्या खोलीपर्यंत तांब्याची एक नळी टाकून घेतली. खोलीत तोटी फिरवली की चहा येई.

बाई त्या नळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "हेही करतात," त्या म्हणाल्या.

"कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ज्या पेशी जायला नकार देतात त्या. त्या आधी भराभर वाढतात. मग स्वतःपुरती वेगळी रक्तवाहिनी ओढून घेतात. मग शेजारच्या अवयवात जाऊन बसतात."

"अशा पेशींना काय म्हणतात?"

"एकेकटीला काही म्हणत नाहीत. सगळ्यांना मिळून गाठ म्हणतात."

अध्यक्षांनी त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

मुलगी झाली. लेकीने स्वतः फोन केला, आवाज थकलेला पण खणखणीत. अध्यक्ष नुसते "हो का, हो का" म्हणत राहिले. मागे लेकीच्या खोलीत सुतळी समिती आणि पक्षी समिती यांच्यात, कबुतराने पळवलेली सुतळी कोणाची, यावर जुंपली होती.

"बाबा, एवढी गर्दी कसली? कुठे आहात?"

"घरीच आहे. तुझ्या खोलीच्या दाराशी."

"माझ्या खोलीत कोण आहे?"

"संपवायचं काम चाललंय," अध्यक्ष म्हणाले. "बरंच संपत आलंय."

पलीकडे बाळ कुरकुरलं. "बरं," लेक म्हणाली. "मग आम्ही इथेच आहोत. वेळ मिळेल तेव्हा तुम्हीच येऊन बघून जा तिला. पाहुण्यासारखं."

'पाहुण्यासारखं' हा शब्द अध्यक्षांना पंधरा दिवस माशाच्या काट्यासारखा टोचत राहिला. शेवटी एका दुपारी, सातही समित्या चहा पिऊन गेल्यावर, ते बाईंजवळ येऊन बसले.

"ते एक सांग. पेशीला जायचा निरोप नक्की देतं तरी कोण? मी तसा निरोप आणवतो. सहीनिशी आणवतो."

बाई भांडं पुसत होत्या. "कधी कधी येतो निरोप. पण पुष्कळ पेशींचं उलटंच असतं. त्यांना जगायचा निरोप लागतो. शेजारणी सारख्या सांगत असतात, राहा, राहा, राहा. ते सांगणं थांबलं की पेशी आपसूक आवरायला घेते."

"मग आम्हाला कोण सांगतंय राहा म्हणून? सारी इमारत तर शिव्या घालते परांचीला."

"बाहेर जाऊन बघा."

अध्यक्ष बाहेर गेले. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी परांचीकडे लांबून पाहिलं. पहिल्या मजल्यावर सायकली टांगल्या होत्या. दुसऱ्यावर, सावलीविरुद्ध सर्वांत कडक तक्रारी करणाऱ्या आजोबांची आरामखुर्ची होती, आणि खुर्चीत आजोबा होते; सावलीत त्यांना झोप लागली होती. वकिलांनी फळ्यांवर आपली कायद्याची पुस्तकं रचून घरातलं एक कपाट रिकामं केलं होतं. चिटणिसांनी जास्तीची गादी बाहेर घालून पाहुण्यांसाठी सोय केली होती. तीही इतकी नम्रपणे की ती खालून दिसत नव्हती, फक्त पाहुण्यांचे पाय दिसत होते. सगळीकडे कपडे वाळत होते. एकाही खिडकीपुढची फळी रिकामी नव्हती.

स्वतःच्या खिडकीपुढे त्यांना एक कुंडी दिसली. तिच्यात नेचं होतं, गर्द हिरवं, पसरलेलं, इतकं तजेलदार की एखाद्या प्रदर्शनात ठेवावं.

ते घरात आले. "ते नेचं कोणाचं?"

कुठल्याही प्रश्नाला लगेच, पूर्ण वाक्यात उत्तर देणाऱ्या त्या बाईंनी एकच भांडं दोनदा पुसलं.

"त्याला ऊन सोसत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सावलीत चांगलं येतं."

"कधीपासून आहे तिथे?"

"रंग वाळल्यापासून."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग अध्यक्ष हसले, आणि बाई हसल्या नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी खिडकी उघडली तेव्हा फळीवर ओल्या मातीचं एक गोल वर्तुळ होतं. कुंडी स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात दिव्याखाली येऊन बसली होती आणि अगदीच रुसलेली दिसत होती. बाईंनी चहा पुढे ठेवला. अध्यक्ष वाट पाहत राहिले. निवृत्तीपासून रोज सकाळी चहाबरोबर बाई विचारत, "काय झालं काल बैठकीत?" आणि रोज ते सांगत. सांगताना त्यांना वाटे, काहीतरी झालं.

आज बाईंनी विचारलं नाही. चहा संपला. त्यांनी कप विसळला आणि तरीही विचारलं नाही.

अध्यक्षांच्या छातीत काहीतरी हलकं झालं. वाईट म्हणावं तर तसंही नव्हतं. लहानपणी शर्टाचं वरचं बटण काढल्यावर व्हायचं तसं होतं. ते उठले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "तू नुसती ये," ते म्हणाले. "दाराशी ये. दिवा लागला तर तशीच परत जा."

त्याच दुपारी सातही समित्यांची महासभा अंगणात भरली होती, कारण सर्व अध्यक्षांना एकदम सामावेल अशी खोली उरली नव्हती. विषय होता तिसरी परांची. फाटकापुढून एक टॅक्सी दोनदा गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"इथे कोणी राहत नाही हो," टॅक्सीवाला म्हणत होता. "बांधकाम चालू दिसतंय."

"राहतात," लेक म्हणाली आणि बाळाला घेऊन उतरली.

तिने वर पाहिलं. दुसऱ्या परांचीतून पहिल्या परांचीकडे पाहिलं. मग तिने बाळ बाबांच्या हातात दिलं आणि टॅक्सीचं दार उघडंच ठेवलं. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं नाही.

बाळाने डोळे उघडले नाहीत, पण हात उघडला आणि अध्यक्षांचं बोट धरलं. पाच बोटं, पाचही सुटी. अध्यक्षांनी मधल्या जागा पाहिल्या. तिथे कोणी नव्हतं. तिथे कोणी नव्हतं म्हणूनच पकड इतकी घट्ट बसली होती.

"आद्य अध्यक्ष, आसन ग्रहण करावं," चिटणीस घसा खाकरून म्हणाले. "तुम्ही आहात म्हणून चाललंय."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या राहा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. कडेवर धरल्यासारखी त्यांनी कुंडी धरली होती.

"सभेपुढे एक निवेदन आहे," अध्यक्ष म्हणाले.

"लेखी आहे का?" वकिलांनी विचारलं. "कोणाच्या सहीने?"

"सही नाही. आज सकाळी मला कोणी काही विचारलं नाही, एवढंच."

कोणाला काही कळलं नाही. सातही अध्यक्ष मात्र पुढे सरकले. प्रत्येकाला वाटलं, उरलेल्या सहांपैकी कोणाचं तरी आता खरं नाही. दुसऱ्या मजल्यावरून आजोबाही आरामखुर्चीत उठून बसले आणि कठड्यावरून खाली वाकून म्हणाले, "अहो, बोला एकदाचे. आम्ही कधीचे ओरडतोय काढा म्हणून."

अध्यक्षांनी बाळाचं डोकं खांद्याशी नीट टेकवलं. मग ते बोलले, आवाज न चढवता, पण फुटपाथवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

"समिती बरखास्त. माझी आधी, मग सातही. दाखला मागायला आता कोणी उरलं नाही, तेव्हा परांची उद्या सकाळी उतरेल. तिच्यावर ज्याचं जे आहे ते त्याने आज काढून न्यावं. 'माझं काही नाही बुवा तिच्यावर' असं ज्यांना वाटतंय, त्यांनी सगळ्यात आधी."